टेकडीवाल्या वहिनी

टेकडीवाल्या वहिनी माणूस दिसला की आधी रागवायच्या आणि मग तो कोण, ते विचारायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात शिरलो तो घामाने निथळत, खांद्यावर वळकटी आणि हातात नवे बूट घेऊन. बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या म्हणून शेवटचा चढ मी अनवाणी चढलो होतो. "बूट हातात अन् काटे पायात! असं कोनी चालते का, बाप्पा?" त्या चुलीपासून ओरडल्या. मग माझे पाय बघत म्हणाल्या, "कोन व्हय तुमी?"

मी नाव सांगितलं. अकोल्याचा आहे, खोऱ्यातल्या ठाण्यावर नवा ऑपरेटर म्हणून निघालोय, असंही सांगितलं. त्यांनी काटे काढायला सुई आणून दिली आणि विचारलं, "च्या पेता?" आमच्या घरची रीत अशी की पाहुण्याने आधी नको म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा आणि मग सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. मी म्हणालो, "नको, कशाला उगाच त्रास." "बरं," वहिनी म्हणाल्या आणि आधण उतरवून बाजूला ठेवलं. पुढचा सगळा उतार मी त्या चहाची आठवण काढत उतरलो.

आमचं खातं कोणतं होतं ते मी लिहीत नाही. त्यातले काही लोक अजून सुखाने पेन्शन घेत आहेत, त्यांच्या झोपेत मला व्यत्यय आणायचा नाही. आणायचा असता तरी आला नसता. पण काम काय होतं ते सांगायला हवं. अमरावतीच्या बाजूला सपाट मुलूख. उत्तरेला सातपुड्याची भिंत, आणि त्या भिंतीच्या मागे मेळघाटातलं सिपना नदीचं खोरं, तिथे माझं ठाणं. आमचे वायरलेस सेट लहान होते. त्यांची लाट सरळ रेषेत जायची आणि डोंगर आडवा आला की तिथेच संपायची. भिंतीच्या दोन बाजूंच्या दोन माणसांना बोलायचं असेल तर तिसऱ्याने भिंतीवर चढून बसावं लागतं. म्हणून चिखलदऱ्याच्या अलीकडे एका उघड्या टेकडीवर खात्याने एक चौकी बांधली होती. तिथे एका टेबलावर दोन सेट होते. एका सेटवर माझं बोलणं ऐकायचं, कागदावर उतरवायचं आणि दुसऱ्या सेटवर अमरावतीला सांगायचं. तिकडून आलेलं उत्तर तसंच उलट मला सांगायचं. त्या चौकीची हवेतली हाक होती 'टेकडी', माझी 'सिपना' आणि अमरावतीच्या ऑफिसची 'मुख्यालय'.

टेकडीवरचे मुख्य ऑपरेटर वानखडे दादा. माणूस वलगावचा. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात फौजेच्या सिग्नलमध्ये होते, तिथेच हे काम शिकले. समोरासमोर इतके कमी बोलायचे की शेजारी बसलेल्याला संकोच वाटावा. पण सेटचं बटण दाबलं की तोच माणूस खणखणीत बोलायचा. त्या टेकडीवर माणसांची वस्ती नव्हती. खालचं गाव दोन कोसांवर. म्हणून दादांनी वहिनींना वर आणलं आणि मुलगा शाळेसाठी आजीजवळ वलगावला ठेवला. मुलगा लांब राहिल्याचं वहिनींना फार सलायचं. त्यावर त्या रडत नसत, चिडत. "पगार टेकडीवर अन् लेकरू वलगावात. सरकारनं मानसाचे दोन तुकडे केले," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

दादांना बोलायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांच्या सगळ्या विद्येची श्रोती एकटी वहिनी. त्या भाकरी थापत असायच्या आणि दादा चुलीसमोर उकिडवे बसून लाट कशी जाते, एरियल उंच का हवं, दोन सेट एकमेकांच्या अंगावर बोलू नयेत म्हणून काय करावं, हे सांगत असायचे. त्यातलं किती वहिनींना कळायचं ते देव जाणे. बहुतेक फार थोडं. एकदा मी पगारासाठी अमरावतीला जाताना वाटेत थांबलो होतो, तेव्हा त्यांना विचारलंच. त्या म्हणाल्या, "मले एवढंच समजलं, भाऊजी. डोंगर कोनाचं आयकत नाई. त्याच्या डोक्यावर जाऊन बसा लागते." दादा हसले. इतके दिवस जे सांगत होतो ते एवढंच होतं की काय, असा विचार त्यांच्या तोंडावर दिसला.

मला त्यांचा आवाज चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा. दादा निरोप देत असले की मागून वहिनींचा आवाज यायचाच. वानरं अंगणातल्या शेंगांवर पडायची, आणि "धान्याचा साठा संपत आला आहे" या माझ्या निरोपाच्या मधोमध "हाट् रे मेल्या!" असं अमरावतीपर्यंत पोचायचं. मुख्यालयाने त्याबद्दल दोनदा समज दिली होती. पुढे बॅटऱ्या भारायचं इंजिन सुरू करायला दादा मागच्या छपरात गेले की वहिनी बटण दाबून मला सांगू लागल्या, "थांबा, भाऊजी, हे इंजिनापाशी गेले." मग हळूहळू त्यात भर पडली. "हिवतापाचं कोयनेल घेतलं का?" नाही म्हटलं की, "मंग मरा तिथी. सरकार दुसरा पाठवन." खोऱ्यात माझ्याशी मराठीत कोणी बोलत नव्हतं. कोरकू मंडळी प्रेमळ होती, पण त्यांची भाषा मला येत नव्हती. त्या काळात दिवसातून एकदा कोणीतरी आपल्याला मर म्हणतंय, हा केवढा आधार असतो, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

टेकडीवर दुसरा एक ऑपरेटर होता, देशमुख. शेंदूरजनाघाटला त्याची संत्र्याची बाग होती, आणि नोकरीपेक्षा बागेत त्याचा जीव जास्त. तसा वाईट म्हणावा असा माणूस नव्हता तो. पेटी चांगली वाजवायचा, पानही सगळ्यांना द्यायचा. पण पाण्याच्या बाबतीत त्याचं वेगळं होतं. वानखड्यांनी दीक्षा घेऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती. देशमुख झऱ्यावर त्यांच्या आधी जायचा, आपली घागर भरायचा आणि तिच्यावर झाकण घालून ती वेगळ्या कोनाड्यात ठेवायचा. वहिनी ते बघायच्या आणि त्याच्या तोंडावर बोलायच्या. "देशमुखबाप्पू, झरा तं एकच हाय. घागर येगळी केल्यानं पान्याले काय समजते?" तो हसून विषय टाळायचा. मग एका हिवाळ्यात त्याला आव पडली. उठता येईना. तेव्हा वहिनींनी त्याला आठ-दहा दिवस तांदळाची पेज पाजली, त्याचं अंथरूण धुतलं. तो मुकाट्याने प्यायला. बरा झाल्यावर त्याने घागर पुन्हा कोनाड्यात ठेवली. वहिनी त्यावर मात्र काही बोलल्या नाहीत. दादांना म्हणाल्या, "त्याची बी काही तरी लाज असन. राहू द्या."

हे सगळं त्या पावसाळ्याच्या आधीचं. आता त्या पावसाळ्याचं सांगतो.

श्रावणात माझ्या ठाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. सुरुवातीला लोक सांगत नव्हते, मग एकदम सांगू लागले. सिपना दोन्ही काठ धरून वाहत होती, ओढे चढले होते, रस्ता तुटला होता. माझ्या हातात एकच गोष्ट होती, सेट. मी टेकडीला हाक मारली. उत्तर आलं ते वहिनींचं. दादा हिवतापाने फणफणले होते, बरळत होते. आणि देशमुख? बागेचा सौदा करून दोन दिवसांत येतो असं सांगून, रजा न टाकता शेंदूरजनाघाटला गेला होता आणि आलाच नव्हता.

"भाऊजी, तुमी सांगा, मी लिहितो," त्या म्हणाल्या. घाबरल्या की वहिनी पुरुषी बोलायच्या, "जातो, येतो" करायच्या. शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही कधीचं. मी शब्द सुटा सुटा करून सांगत होतो. सलाईन, ब्लीचिंग पावडर, डॉक्टर, लस. सलाईनचं त्यांनी आधी 'साली' केलं, मी दुरुस्त करायला लावलं, त्या माझ्यावरच खेकसल्या, आणि पुन्हा बरोबर म्हणून दाखवलं. मग त्या दुसऱ्या सेटकडे वळल्या. घाईत माझ्या बाजूचं बटण त्यांच्या हाताखाली दाबलेलंच राहिलं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

दादांसारखं शुद्ध बोलायचा त्यांनी प्रयत्न केला. "मुख्यालय, मुख्यालय, टेकडी बोलत आहे." पलीकडून काहीतरी खरखर झाली. वहिनी म्हणाल्या, "ऑपरेटर आजारी आहेत. निरोप घ्या." पुन्हा खरखर. मग मला शब्द ओळखू आले: "बाईच्या तोंडचा निरोप घेता येत नाही. ऑपरेटरला द्या." वहिनींनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शुद्ध मराठी सुटली.

"अरे, आवाज बाईचा हाय, निरोप तं तुमच्याच मानसाचा हाय! तिथी लोकं मरून राहिले. मले का हौस आली इथी बोलाची? घे लिहून, नाई तं तुह्या साहेबाले बोलाव, त्याले सांगतो!"

मग तो पलीकडचा माणूस निरोप घेऊ लागला. वहिनी एकेक शब्द सांगत होत्या आणि मी खोऱ्यात बसून स्वतःचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. 'सलाईन' त्यांनी अगदी नीट म्हटलं.

त्यानंतरचे काही दिवस ती चौकी वहिनींनी एकटीने चालवली. दादांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवायच्या, इंजिनाची दोरी ओढायची, माझा निरोप घ्यायचा, पुढे द्यायचा. इंजिनाच्या दोरीने तळहात सोलले म्हणून एकदा त्या हवेतच कळवळल्या. चुकाही केल्या. एकदा दोन गावांची नावं उलटसुलट केली आणि मी सांगितल्यावर मुख्यालयाला पुन्हा हाक मारून, "माह्यं चुकलं, सुधरवा," असं सांगितलं. शेवटी एका सकाळी त्यांनी मला कळवलं की डॉक्टर आणि औषधांच्या पेट्या वाहणारी माणसं दुसऱ्या वाटेने, हत्तीवरून ओढे ओलांडत, वरच्या गावाकडे निघाली आहेत. त्यांचा आवाज तेव्हा हसत होता.

त्याच दुपारी नदीपल्याडच्या गावातून एक माणूस पोहत आला. तिकडेही लागण झाली होती. गावप्रमुख पटेलाच्या घरात सून नुकतीच बाळंत झालेली, तिलाही पटकी. मी टेकडीला हाक मारली. वहिनींनी सगळं लिहून घेतलं. "थांबा, खाली सांगतो," म्हणाल्या. मुख्यालयाला हाक मारल्याचं मला ऐकू आलं, कारण बटण पुन्हा दाबलेलंच होतं. "नदीपल्याडच्या गावात बी..." एवढं बोलल्या आणि थांबल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, साहेब आले वाटते. जीप आली." मग कसलासा आवाज झाला आणि टेकडी बंद पडली.

मी संध्याकाळपर्यंत हाक मारत होतो. दुसऱ्या दिवशीही मारत होतो. "टेकडी, टेकडी, सिपना बोलतोय." पाऊस पडत होता आणि सेटमधून नुसती सरसर येत होती.

टेकडीवर काय झालं ते मला पुढे त्या जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. मुख्यालयातल्या ऑपरेटरने निरोप घेतला होता, पण त्याच दिवशी साहेबांना कळवलंही होतं की टेकडीच्या सेटवर परकी बाई बोलते आहे. साहेब चौकशीला आले होते. बरोबर दुसरा ऑपरेटर आणलेला नव्हता, कारण चौकशीला ऑपरेटर लागत नाही. अनधिकृत हात लागलेला सेट तपासणीवाचून चालवता येणार नाही, असा नियम त्यांनी सांगितला. वहिनी म्हणाल्या, "मले बाहेर काढा, साहेब, पन मशीन चालू ठेवा. तो मानूस खाली बोलून राहिला." साहेब म्हणाले, डॉक्टर तर गेले आहेत ना, आता काय राहिलंय? दोन्ही सेट बंद करून खोलीला कुलूप लावलं. दादांना खाटेसकट जीपमध्ये ठेवलं. वहिनींना मागे बसवलं.

नवीन ऑपरेटर वर पोचायला आठवडा गेला. मी तोपर्यंत एका कोरकू गड्याला डोंगर ओलांडून वरच्या गावात डॉक्टरांकडे चालत पाठवलं होतं. तो निधड्या छातीचा होता, पण त्याला ओढ्यांनी अडवलं. दवाखान्याची माणसं वरच्या गावात राहिली, तिथल्या लोकांना त्यांनी खरोखर वाचवलं, आणि त्याच आठवड्यात, जिथून आली त्याच वाटेने परत गेली. नदीपल्याडच्या गावाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

चौकशी अमरावतीला झाली. माझं ठाणं बंद पडलं नव्हतं, मी जिवंत होतो, मला सगळं ठाऊक होतं, पण मला साक्षीला कोणी बोलावलं नाही. देशमुखला बोलावलं. तो रजेवाचून गैरहजर होता, म्हणजे त्याची स्वतःची नोकरी टांगलेली होती. त्याने सांगितलं की ही बाई नेहमीच सेटवर बसते, मी दोघांना कितीदा बजावलं, पण ऐकत नाहीत. साहेबांनी वहिनींना विचारलं, "तुम्ही कोणापैकी?" वहिनी म्हणाल्या, "निरोप घेतला त्या दिवशी हे नाई इचारलं कोनी." उद्धट उत्तर म्हणून तेही लिहून घेतलं गेलं. दादांची नोकरी गेली, पेन्शनीसकट. देशमुखला ताकीद मिळाली. आणि पटकीच्या साथीत तत्परतेने निरोप घेतल्याबद्दल मुख्यालयातल्या ऑपरेटरला शाबासकी आणि एक मनगटी घड्याळ मिळालं. ते घड्याळ मी त्याच्या हातात पाहिलं आहे. वेळ बरोबर दाखवायचं.

थंडीत मला सुट्टी मिळाली तेव्हा मी वलगावला गेलो. दादा फाट्यावरच भेटले. शाल पांघरून उन्हात बसले होते. चौकशीचं सगळं त्यांनीच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. वहिनी कापूस वेचायला गेल्या होत्या. मी म्हणालो, थांबतो त्या येईपर्यंत. दादा म्हणाले, "नको थांबू. तिच्यापुढे टेकडीचं नाव काढू नको. मी जगलो, आणि नोकरी गेली, यात तिचं मन अडकलंय. तिला वाटतं, सगळं तिच्यामुळे झालं." तापात काय काय झालं त्यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. नदीपल्याडच्या गावाबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. त्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायला हात होईना. दोन वर्षांनी दादा गेले. अमरावतीत एका रेडिओच्या दुकानात ते अधूनमधून बसायचे, दुकानदार फुकट चहा द्यायचा आणि बदल्यात बिघडलेले सेट दुरुस्त करून घ्यायचा, असं कानावर आलं होतं.

पुढे काही वर्षांनी खात्याने टेकडीवर रिपीटर नावाची पेटी बसवली. एका बाजूने ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने बोलते, मधे माणूस लागत नाही. पेटी वर चढवणाऱ्या तुकडीत मी होतो. वहिनींचं अंगण गवताने बुजलं होतं, शेंगांचा वेल वानरांनी कधीच संपवला होता. एक मोठे अधिकारी बोलायला उभे राहिले. आता मानवी चुकांना वाव राहिला नाही, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मी हात खिशात ठेवून उभा होतो. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी काय झालं असतं?

त्यानंतर माझी बदली अकोल्याला झाली. एक दिवस कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनच्या फाटकावरून जात होतो. बायकांची पाळी सुटली होती, अंगाखांद्यावर कापूस चिकटलेल्या बायका बाहेर पडत होत्या, आणि कोणीतरी मुकादमावर ओरडत होतं. "अर्ध्या तासाची मजुरी कापतं, तुह्या घरी माय-बहीन नाई का?" मी वळून पाहिलंच नाही आधी, आवाज ओळखला आणि जागीच थांबलो. मग हाक मारली, "वहिनी."

त्यांनीही माझ्याकडे न बघताच म्हटलं, "भाऊजी?"

केस पांढरे झाले होते, काही म्हातारपणाने, काही कापसाने. भाऊ जिनमध्ये हमाल होता, त्याच्याकडे राहत होत्या. मुलगा नागपूरला रेल्वेत चिकटला होता. आम्ही फाटकाच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. मी त्यांना पेटीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. "पेटीले ताप येत नाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं." पुढे काही मिनिटं आम्ही कापसाच्या भावावर बोललो. दोघांनाही त्यात रस नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "त्या नदीपल्याडच्या गावाचं काय झालं, भाऊजी?"

इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. गडबडीने सांगितलं, मान खाली घालून. दवाखान्याची माणसं तिकडे गेलीच नाहीत. टेकडी बंद होती. अर्ध्याहून जास्त घरांतली माणसं गेली.

त्या लुगड्यावरचा कापूस एकेक तंतू करून काढत होत्या. मग म्हणाल्या, "मले वाटे, कोनी तरी सांगतलं असन. एवढं मोठं ऑफिस, एवढे लोकं. मी साहेबाले जीपीत बसल्यावर बी म्हनलं होतं, पल्याडच्या गावाचं खाली कळवा. तो म्हने, 'बाई, आता चूप बसा.' अन् मी चूप बसली. ह्याईचा ताप पाहून चूप बसली." बोटांतला कापूस त्यांनी झटकला. "तीन दिवस अमरावतीत बाकावर बसवून ठेवलं मले. रोज चपराशी पानी आनून दे, वरतून ओते. अन् तिकडे ते मरून राहिले होते."

मी म्हणालो, "वहिनी, तुमचा काय दोष त्यात?"

"दोष कोनाचा ते मले समजते," त्या एकदम कडाडल्या. "म्हनून तं इचारून राहिली. अन् ते पटेलाची सून? बाळंतीन होती ते?"

"ती गेली. लेकरू वाचलं."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी. आजीने वाढवली."

"नाव काय ठेवलं?"

"ठाऊक नाही."

"एवढी वर्षं त्या बाजूले येत-जात राहिले, अन् नाव नाई इचारलं?" त्या म्हणाल्या. "तेवढं इचारून या, भाऊजी." भोंगा वाजला. दुसरी पाळीही त्या करायच्या. पदर खोचत त्या फाटकातून आत गेल्या.

उन्हाळ्यात मी खास रजा काढून त्या गावात गेलो. नदीला गुडघाभर पाणी होतं. म्हातारी अजून होती. मुलगी जंगलातून मोहाची टोपली घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली आणि घरात पळाली. तिचं नाव सोमती.

अकोल्याला परतल्यावर मी स्टेशनावरून थेट जिनवर गेलो. फाटकापाशी वहिनींचा भाऊ एकटाच बसला होता. ती गेली, आठवडा झाला, म्हणाला. छातीत कापूस बसला होता, डॉक्टरने उशिरा ओळखलं. मी काही वेळ त्याच्या शेजारी बसलो. मग उठताना मी त्याला म्हणालो, "वहिनींनी विचारायला सांगितलं होतं. तिचं नाव सोमती."



"कोन सोमती?" त्याने विचारलं.